साबुदाण्याच्या माहेरी

प्रवासाला निघालेल्या बाईची पिशवी उघडून पाहावी; तिच्या मनात काय काय धास्ती आहे ते सगळे त्यात सापडते. ब्राझीलला निघताना माझ्या पिशवीत गोडा मसाला होता, मेतकूट होते, आल्याच्या वड्या होत्या आणि साड्यांच्या घड्यांत जपून ठेवलेला दोन किलो साबुदाणा होता. २०२३ सालची आषाढी एकादशी २९ जूनला येत होती आणि त्या दिवशी मी ॲमेझॉनच्या जंगलात असणार होते. तिथे साबुदाणा कुठला मिळायला!

"लग्न झाल्यापासून एक आषाढी चुकली नाही. ती आता या वयात परदेशी जाऊन चुकवू?" मी यांना म्हटले. यांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता "ने, ने" म्हटले. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे हे काही येणार नव्हते.

खरे सांगायचे तर मला धास्ती साबुदाण्याची नव्हतीच. धास्ती होती ती विहीणबाईंची.

आमचे चिरंजीव मनाऊस शहरात मोटारसायकलींच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. मनाऊस हे ॲमेझॉनच्या अरण्यात वसलेले, वीस लाखांहून अधिक वस्तीचे शहर. १९६७ साली ब्राझील सरकारने तिथे करसवलतीचा औद्योगिक पट्टा उभा केला आणि जंगलाच्या मधोमध कारखाने निघाले. २०१९ साली चिरंजीवांनी तिथल्याच मुलीशी लग्न केले. आम्हाला कळवले, विचारले नाही. पुढे साथीची दोन वर्षे गेली, नात झाली, आणि फोनवर नातीचे जावळ बघता बघता माझा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा मात्र जागच्या जागी होता. त्याचे कारण सांगायला आज मला लाज वाटते, पण सांगते. सूनबाईंच्या आई बाजारात बसून पीठ विकतात. आमच्या दादरच्या सोसायटीत कोणी विचारले, "विहीणबाई काय करतात हो?" की मी सांगत असे, "त्यांचा शेतीमालाचा व्यापार आहे." वाक्य खोटे नव्हते. पण ते बोलून झाले की मी चटकन दुसरा विषय काढत असे.

पहाटेचा बाजार

एकादशीच्या पहाटे पाच वाजता चिरंजीव, सूनबाई, दोन वर्षांची नात आणि मी घराबाहेर पडलो. आधी बाजार हिंडायचा, मग विहीणबाईंना बरोबर घेऊन होडीने नदीपार त्यांच्या घरी जायचे, असा बेत होता. रात्री भिजवलेल्या साबुदाण्याचा स्टीलचा डबा मी मांडीवर घट्ट धरला होता. पंढरपुरात त्या वेळी दुपारचे अडीच वाजले होते.

मनाऊस वसले आहे रिओ नेग्रोच्या, म्हणजे काळ्या नदीच्या काठी. समुद्र तिथून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर. तरीही समुद्रावरची मोठी जहाजे थेट शहरापर्यंत येतात. तिथला धक्का मुद्दाम पाहण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी बांधलेला हा धक्का चक्क पाण्यावर तरंगतो. कारण ही नदी दर वर्षी दहा मीटर किंवा त्याहूनही अधिक चढते आणि पुन्हा तितकीच उतरते. दहा मीटर म्हणजे आपल्याकडची तीन मजली इमारत! नदीबरोबर धक्काही वर जातो नि खाली येतो. १९०२ पासून इथे पाण्याची पातळी मोजून नोंदवली जाते. त्या नोंदींतला सर्वांत मोठा पूर २०२१ सालचा, ३०.०२ मीटरचा. जून महिना हा नदी चढलेली असण्याचा. मी पाहिली तेव्हा ती काठोकाठ भरून, मिजाशीत चालली होती.

धक्क्याला लागूनच जुना लोखंडी बाजार आहे. १८८३ साली तो उघडला. पॅरिसच्या 'ले आल' या प्रसिद्ध बाजाराच्या धर्तीवर त्याचे लोखंडी खांब नि कमानी घडवून युरोपातून बोटीने आणल्या. पॅरिसचा बाजार १९७१ मध्ये पाडला गेला; त्याची ही जंगलातली धाकटी बहीण मात्र डागडुजी होऊन २०१३ मध्ये पुन्हा उघडली आणि आजही नांदती आहे.

आत शिरलो तो समोर मासळीबाजार! मी मूळची मालवणकडची. मासळी बघायला मला कोणी शिकवायला नको. पण इथे माझीही अक्कल चालेना. पिरारुकू नावाचा मासा तीन मीटरपर्यंत वाढतो. खारवून वाळवलेल्या त्याच्या चादरीच्या चादरी घड्या घालून रचल्या होत्या. त्याची वाळलेली जीभ इतकी खरबरीत असते, की इथले लोक तिच्यावर ग्वाराना नावाच्या बियांची कांडी खिसून पेय करतात. माशाच्या जिभेची खिसणी! तांबाकी नावाचा दुसरा मासा तर पुराच्या दिवसांत बुडालेल्या जंगलात शिरून झाडांची फळे नि बिया फोडून खातो. कोळीण ओरडून ओरडून जाराकी नावाची बारीक मासळी विकत होती. सूनबाई म्हणाली, "आई, जाराकी खाल्ली तर इथून जाता येत नाही, असं म्हणतात." मी म्हटले, "एकादशी नसती तर बघितलं असतं हो!"

फळांच्या रांगेत मात्र मला घरी आल्यासारखे वाटले. काजूचा रस विकायला होता. मी बोट दाखवून "काजू?" म्हटले, तर फळवाली हसून म्हणाली, "काजू!" लहानपणी मालवणात आम्ही बोंडे चोखून फ्रॉकावर डाग पाडत असू, ते काजू मला पुरते कोकणातले वाटायचे. ते मूळचे ब्राझीलचे, आणि काजू हा शब्दही इथल्या तुपी लोकांचा. अननस शब्दही त्यांचाच. गंमत अशी, की तो शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला नि रुळला, आणि ब्राझीलचे लोक त्याच फळाला आता 'अबाकाशी' म्हणतात. १५०० साली पोर्तुगालचा काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत पुढे तो कालिकतला पोहोचला. पुढे गोव्यात त्यांचे बस्तान बसले. एकाच गलबती वाटेने इकडचे काजू तिकडे गेले आणि तिकडचे आंबे-फणस इकडे आले. बाजारात आंब्याला 'मांगा' नि फणसाला 'जाका' म्हणत होते, ते शब्द मल्याळी मुलखातून उचललेले.

सूनबाईला मराठी बेताचे येते, मला पोर्तुगीज येत नाही. पण त्या रांगेत आम्ही दोघी लहान मुलींसारख्या शब्दांचा खेळ खेळलो. मी 'बटाटा' म्हटले, ती 'बाताता'. मी 'साबण', ती 'साबाऊं'. मी 'चावी', ती 'शावी'. मी 'मेज', ती 'मेझा'. चार वर्षांत आमचे एवढे बोलणे झाले नव्हते.

कोपऱ्यावर एक बाई तापल्या तव्यावर मुठीने पांढरे पीठ भुरभुरवत होती. पाणी नाही, तेल नाही. पण क्षणात ते पीठ एकमेकांना धरून त्याची मऊ घडी होई. आत तुकुमां नावाच्या ताडफळाच्या केशरी चकत्या आणि चीज घालून ती गिऱ्हाइकाच्या हातात देई. वास असा, की उपाशी पोटाने सत्याग्रह मांडला.

"कसलं पीठ?" मी विचारले. "मांडिओका," चिरंजीव म्हणाले. "धान्य असेल. मला नको," मी म्हटले. चिरंजीवांना स्वयंपाकाचे ज्ञान त्यांच्या वडिलांइतकेच. ते गप्प राहिले. मी काजूच्या रसावर भागवले.

विहीणबाईंचे दुकान

जुन्या बाजाराच्या शेजारीच नदीकाठी नवा मोठा बाजार आहे. तिथे होड्यांतून सरळ माल उतरतो. केळ्यांचे लोंगर खांद्यावर घेतलेले हमाल आपल्या भाजीबाजारासारखेच ओरडत वाट काढत होते. पिठाच्या गल्लीत पोत्यांच्या तोंडाशी वळकट्या करून मांडलेले पिवळे, पांढरे, रवाळ, मोत्यांसारखे गोल, असे कितीतरी प्रकारचे पीठ. त्याला 'फारिन्या' म्हणतात. इथला माणूस मासा, आमटी, फळ काहीही खावो, वरून मूठभर फारिन्या हवीच.

त्या पोत्यांमागे विहीणबाई उभ्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, डोक्याला रुमाल, हाताला पीठ. वयाने माझ्याएवढ्याच. मी नमस्कार करायला हात जोडले, तोवर त्यांनी मला मिठीत घेतले होते. माझ्या निळ्या साडीवर पांढऱ्या पिठाचे दोन पंजे उमटले. मग त्यांनी मला हाताला धरले आणि गल्लीतल्या एकेका दुकानापुढे उभे करून मोठ्याने काहीतरी सांगत सुटल्या. मिरचीवाली, केळीवाला, साबणवाली, चहा ओतणारा पोरगा, कोणाला म्हणून सोडले नाही. प्रत्येक वेळी एक शब्द येई, 'कोन्सोग्रा'.

"काय सांगताहेत रे?" मी चिरंजीवांना विचारले.

"कोन्सोग्रा म्हणजे विहीण. त्या म्हणताहेत, ही माझी विहीण. भारतातून आली आहे, तीन विमानं बदलून, माझ्या घरी जेवायला."

इंग्रजांना विहिणीसाठी धड शब्द नाही. या लोकांना आहे. आणि ती बाई तो शब्द बाजारभर मिरवत होती. मला दादरची सोसायटी आठवली, 'शेतीमालाचा व्यापार' आठवला, आणि मी साडीवरचे पीठ झटकण्याच्या निमित्ताने मान खाली घातली.

कोरा चहा, दुधाचा चहा

आठच्या सुमारास होडी सुटली. होडी म्हणजे लांबट मचवा. वर पत्र्याचे छप्पर, मागे इंजीन. त्या दिवशी नदीवर रंगीत पताका लावलेल्या होड्या दिसत होत्या. २९ जून हा ख्रिस्ती लोकांचा संत पीटरचा दिवस, आणि तो कोळ्यांचा संत. तिकडे चंद्रभागेला वैष्णवांची गर्दी, इकडे काळ्या नदीवर कोळ्यांची. माझ्या एकादशीला सोबत मिळाली.

रिओ नेग्रोचे पाणी नावाप्रमाणेच काळे आहे, पण घाण नाही. ओंजळीत घेतले तर कोऱ्या चहासारखे दिसते. खरे म्हणजे तो चहाच! शेकडो कोस जंगलात पडलेला पाचोळा या पाण्यात भिजून भिजून त्याला हा रंग येतो. पाणी आंबूस असल्यामुळे डासांची पैदास कमी. मी बरोबर घेतलेली डासांची मलमे तशीच राहिली.

शहराच्या खाली थोड्या अंतरावर दुसरी नदी येऊन मिळते. तिचे नाव सोलिमोएस. ती अँडीज पर्वताची माती घेऊन येते, म्हणून तिचा रंग दुधाच्या चहासारखा. होडीवाल्याने इंजीन बंद केले नि आम्ही बघतच राहिलो. एका अंगाला कोरा चहा, एका अंगाला दुधाचा, आणि मधे सुरीने आखावी तशी रेघ! कऱ्हाडला कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन गळामिठी घालतात. इथे मात्र दोघी सहा किलोमीटर एकमेकींना खेटून चालतात आणि मिसळत नाहीत. काळी नदी संथ नि उबदार, तांबूस नदी वेगवान, गार नि गाळाने जड. हात पाण्यात सोडून रेघ ओलांडली की बोटांना गारठा कळतो. सहा किलोमीटरनंतर कुठे त्यांचे एक पाणी होते, आणि ब्राझीलचे लोक ॲमेझॉन हे नाव तिथून पुढे लावतात.

विहीणबाई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. सूनबाईने हसत मराठी केले, "आई म्हणते, वेळ लागतो."

पुढे होडी एका अरुंद फाट्यात शिरली. याला 'इगारापे' म्हणतात, तुपी भाषेत होडीची वाट. मालवणात आम्ही त्याला व्हाळ म्हटले असते. पण पावसाळ्यात हा व्हाळ जंगलभर पसरतो आणि झाडे पाण्यात उभी राहतात. आमची होडी झाडांच्या शेंड्यांमधून चालली होती. जिथे एरवी माणूस मान वर करून बघतो, तिथे आमचे डोके. फांदीला मिठी मारून झोपलेला स्लॉथ हाताच्या अंतरावर दिसला. त्याने एक डोळा उघडायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात आमची होडी पुढे गेली. एका तळ्यावर व्हिक्टोरिया कमळाची दोन-दोन मीटर रुंदीची पाने काठ वळवून परातींसारखी पसरली होती. त्याचे फूल पहिल्या संध्याकाळी पांढरे उमलते, रात्री पाकळ्या मिटून आत आलेल्या भुंगेऱ्यांना कोंडून ठेवते आणि दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होऊन सोडते. काठावर एक अवाढव्य झाड होते, भिंतींसारखी मुळे पसरलेले. 'सामाउमा' म्हणून सगळे कौतुकाने बघत होते. शेंगेतला कापूस दाखवला तेव्हा मी ओळखले. ही आपली पांढरी सावर! आमच्या माहेरच्या उशा हिच्याच कापसाच्या.

एके ठिकाणी विहीणबाईंनी होडी थांबवायला सांगितली. एका झाडाच्या बुंध्यावर जुन्या तिरक्या चिरा होत्या. ते रबराचे झाड. त्यांनी त्या चिरांवरून हात फिरवला आणि वडिलांची गोष्ट सांगितली.

रबराच्या पैशावर मनाऊस एके काळी इतके गबर झाले होते, की १८९६ साली त्याने जंगलात संगमरवरी ऑपेराघर उघडले. पण त्याआधीच, १८७६ मध्ये, हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू बागेत पोहोचवल्या होत्या. त्यांतून उगवलेली रोपे सिलोनला नि मलायात गेली, तिथे मळे उभे राहिले आणि मनाऊसचे दिवाळे वाजले. पुढे १९४२ मध्ये जपानने मलाया घेतला. दोस्त राष्ट्रांचे रबर तुटले, तेव्हा ब्राझील सरकारने ईशान्येकडच्या दुष्काळी भागातून पन्नास हजारांहून अधिक माणसे रबर गोळा करायला या जंगलात पाठवली. त्यांना म्हणत 'रबराचे सैनिक'. तापाने, उपासाने हजारो मेले. उरलेल्यांना मालकाच्या दुकानातले पीठमीठ उधारीवर घ्यावे लागे नि रबर देऊनही कर्ज फिटत नसे. हयात असलेल्यांना निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला तो १९८८ च्या राज्यघटनेने.

विहीणबाईंचे वडील त्या सैनिकांतले. कर्ज फिटल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्वतःची मांडिओकाची बाग लावली. मुलीला म्हणाले, "दुसऱ्याच्या दुकानातलं पीठ आता आपल्या घरात यायचं नाही." त्या दिवसापासून त्या घरात पीठ विकत आणलेले नाही, विकलेले आहे.

मी काही बोलले नाही. चिरंजीवांनी भाषांतर संपवून पाण्याकडे तोंड केले.

साबुदाण्याचे माहेर

घर उंचवट्यावर, लाकडी खांबांवर उभे. मागे पिठाची पडवी. दुपारचा एक वाजला होता, माझ्या पोटात काजूच्या रसाखेरीज काही नव्हते, आणि विहीणबाईंनी मला नेऊन दाखवले ते पीठ!

पण मी बघत राहिले. मांडिओका म्हणजे कंद. हातभर लांब, तपकिरी सालीचा. कडू जातीच्या कंदात विष असते, तसाच खाल्ला तर माणूस दगावेल. म्हणून तो सोलून खिसतात. खिस एका लाकडी काथवटीत पडत होता. "गामेला," विहीणबाई म्हणाल्या. मी म्हटले, "घमेलं!" मग तो खिस वेताच्या विणीच्या एका लांब नळीत भरून टांगतात, आपण चक्का टांगतो तसा. खालून ओढले की नळी ताणून बारीक होते आणि रस पिळून निघतो. चोथा मोठ्या लोखंडी कढईत वल्ह्यासारख्या उलथन्याने तासन् तास परतला की झाली फारिन्या. रस खूप वेळ उकळला की विष जाते नि त्याची आंबट पिवळी 'तुकुपी' होते. आणि त्या रसाच्या तळाशी?

विहीणबाईंनी वरचे पाणी ओतून टाकले. तळाशी खडूसारखा पांढराशुभ्र साका बसला होता. त्यांनी चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवला. मी तो बोटांत चोळला. तो चिकट, गुळगुळीत, करकरणारा स्पर्श! चाळीस वर्षे मी जो स्पर्श ओळखते, तो हाच. मी झटकन डब्याचे झाकण उघडले. भिजून फुगलेला एक दाणा दोन बोटांत चिरडला आणि विहीणबाईंच्या हातावर ठेवला.

त्यांनी जिभेला लावला. डोळे मोठे केले. "मांडिओका!"

सूनबाई वाकून बघत म्हणाली, "अय्या, हे तर सागू! आमच्याकडे दुकानात मिळतं. दक्षिणेकडचे लोक द्राक्षाच्या दारूत शिजवून गोड करतात."

म्हणजे साबुदाणा ज्या कंदाचा, त्या कंदाच्या माहेरी मी दोन किलो साबुदाणा विमानाने घेऊन आले होते! देवगडला आंबे घेऊन जावे तसे. चिरंजीव पोट धरून हसत होते. रात्री यांना फोनवर सांगितले, तर यांनी आयुष्यात पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली ठेवले.

मी साबुदाणा ताडाच्या गाभ्याचा समजत होते. पूर्वी तसाही होत असे. पण आपल्या बाजारात येणारा साबुदाणा तमिळनाडूत सेलमच्या बाजूला याच कंदाच्या साक्यापासून होतो. ओले पीठ हलवून त्याचे दाणे करतात, तापल्या पत्र्यावर भाजतात नि वाळवतात. कंद आला पोर्तुगीजांच्या वाटेने. आणि एवढ्यावर थांबत नाही. माझ्या खिचडीतला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा अँडीजच्या डोंगरातला, मिरची अमेरिकेची. रताळे तिकडचे, राजगिराही तिकडचा. तूप-जिरे सोडले तर उपासाचे अख्खे ताट समुद्रापलीकडून आलेले. एकादशीला धान्य वर्ज्य. हे जिन्नस धान्यात मोडेनात, म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी त्यांना बिनबोभाट फराळात घेतले. कुठून आले, कोणी पिकवले, हे विचारले नाही. परक्यांना इतक्या सहज घरात घेणाऱ्या त्या बायका, आणि मी चार वर्षे एका सुनेवर रुसलेली.

मग त्या पडवीत, पिठाच्या कढईत, विहीणबाईंच्या दाण्याच्या कुटाची नि त्यांच्याच परसातल्या मिरचीची खिचडी झाली. कढई एवढी मोठी, की दोन माणसांची खिचडी तिच्यात हरवली. विहीणबाई उलथने माझ्या हातून घेऊन परतू लागल्या, आणि मी सांगायच्या आत त्यांचा हात बरोबर वेळी थांबला. गोळा झाला नाही. त्यांनी मला तव्यावरची पांढरी घडी करून वाढली, तीच, जी मी सकाळी नाकारली होती. दोघींनी एकाच केळीच्या पानावर बसून खाल्ले.

खाताना सूनबाईने मांडिओकाची गोष्ट सांगितली. मानी नावाची एक गोरीपान तान्ही मुलगी अकाली गेली. आईने तिला झोपडीतच पुरले. त्या जागी एक झाड उगवले, त्याची मुळे मुलीसारखी पांढरी निघाली. म्हणून मानी-ओका, मानीचे घर. नात माझ्या मांडीवर झोपली होती. मी तिच्या अंगावर पदर ओढला.

परतताना ऊन कलले होते. मधे एकदा गुलाबी डॉल्फिन पाठ दाखवून गेला. नात उठून टाळ्या वाजवू लागली. काठावर निरोप घेताना माझा डबा विहीणबाईंनी हातात दिला, तर तो जड. उघडून पाहते तो काठोकाठ फारिन्या! डबा रिकामा परत करू नये, ही रीत त्यांना कोणी सांगितली होती? "तुमच्या बाजूलाही आहे वाटतं ही पद्धत," मी म्हटले. सूनबाईने भाषांतर केले. विहीणबाईंना प्रश्नच कळला नाही. रिकामा डबा कोणी परत देते का?

मी परत आले त्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ती काठोकाठ नदी १२.७० मीटरवर उतरली. १९०२ पासूनच्या नोंदींत तोवर इतकी खाली ती कधी गेली नव्हती. एल निनो, तापलेला समुद्र, तापलेली हवा, सगळे एकदम आले. वरच्या बाजूला तेफे गावच्या तळ्यात शंभराहून अधिक डॉल्फिन मेले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, नदी आणखी खाली, १२.११ मीटरवर गेली. ज्या व्हाळातून आम्ही झाडांच्या शेंड्यांमधून गेलो, तिथे भेगाळलेला चिखल होता. विहीणबाईंची होडी अंगणात आडवी पडून होती आणि पिठाची पोती डोक्यावर घेऊन माणसे कोरड्या पात्रातून चालत बाजार गाठत होती. हे मला वर्तमानपत्राने सांगितले नाही. दर रविवारी आमचा फोन होतो. सूनबाई मधे बसते.

सोसायटीत परवा नव्या बिऱ्हाडाच्या बाईंनी विचारले, "तुमच्या विहीणबाई काय करतात?"

"पीठ विकतात," मी म्हटले, "बाजारात. स्वतःच्या शेतातलं. बसा ना, डब्यात थोडं आहे, दाखवते."